आई कशाला हसली

आमच्या घरातल्या टीव्हीचा आवाज गेली आठ वर्षं शून्यावर आहे. आईला ऐकू येत नाही आणि मला ऐकायचं नसतं. मी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. दिवसभर चाकाची घरघर आणि मालकाची कुरकुर ऐकल्यावर घरी मला कोणाचाच आवाज नको असतो. एकदा आईने रिमोट चाचपडताना आवाज पार टोकाला नेऊन ठेवला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. वरचे, खालचे आणि समोरचे असे सगळे शेजारी एकदम दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी मी आवाज शून्यावर नेला तो नेलाच. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

आईचे कान बाटल्यांनी खाल्ले. काचेच्या बाटल्या धुऊन भरायच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली. सरकत्या पट्ट्यावर बाटल्या एकमेकींवर आपटत यायच्या, आणि त्या खणखणाटात शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू येणं शक्यच नसायचं. म्हणून तिथल्या सगळ्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या. ती विद्या आता आईच्या कामी येते. समोर बसून, तोंड तिच्याकडे करून बोललं की तिला बहुतेक सगळं कळतं. जे कळत नाही त्यासाठी फ्रिजच्या मुठीला दोरीने बांधलेली एक पांढरी पाटी आहे आणि पेन आहे. पेन नेहमी सुकलेलं असतं.

आणि दादाची कॅसेट आहे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो बस चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी डेपोत गाडी लावून, सही करायला जाता जाता तो पायरीवर बसला आणि उठलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या लग्नाचे फोटो आहेत, बसपुढचे फोटो आहेत, पण हलता-बोलता दादा फक्त या एका कॅसेटवर आहे, तेरा वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवसाचा. चौदा मिनिटं. कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं, दादा खालून सगळ्यांना हुकूम सोडतो, वहिनी नळाला पाणी येतं का बघते, आणि शेवटी आई दारात उभी राहते. दादा तिच्याजवळ जातो, वाकतो आणि तिच्या डाव्या कानाशी काहीतरी बोलतो. तेव्हा त्या कानाने तिला अजून थोडं ऐकू यायचं, पण खच्चून बोलावं लागायचं. कॅमेऱ्याकडे त्याची पाठ आहे. आणि आई हसते. साधं हसत नाही. एका हाताने तोंड झाकून, डोळे मिटून, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरून हसते. मग चित्र हलतं आणि कॅसेट संपते.

आई ती रोज दुपारी चारला लावायची. दादाचे ओठ दिसतात तिथलं सगळं बोलणं तिला पाठ होतं. "डावीकडे घ्या, डावीकडे, तुमची डावी" हे ती त्याच्याबरोबर म्हणायची. फक्त त्या शेवटच्या वाक्याला ओठ नव्हते. तो काय म्हणाला ते ती विसरली होती. स्वतःला हसताना रोज बघायची आणि कशाला हसले ते तिला आठवायचं नाही.

"मी कशाला हसले गं?" ती मला विचारायची. "तू होतीस की तिथे."

होते ना. कॅमेराच माझ्या हातात होता. चार पावलांवर उभी होते आणि माझे कान शाबूत होते. पण त्या दिवशी मी रुसलेली होते. खिडकीची खोली दादा-वहिनीला आणि मला मोरीला लागून असलेली, असं ठरलं होतं, आणि मी घुम्यासारखी कॅमेरा धरून सगळ्यांमागून फिरत होते. तो काय म्हणाला हे मलाही आठवत नव्हतं. आवाज वाढवून एकदा ऐकायचं, एवढंच काम होतं. "उद्या ऐकून सांगते," मी म्हणायची. कधी ओट्यापाशी उभी राहून नुसता हात हलवायची. आठ वर्षं मी तिला उद्यावर ढकललं, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. कॅसेट कुठे पळून जाणार होती?

अक्षरांचं खूळ घरात शिरलं ते कानाच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावरून. तिथल्या टीव्हीवर खाली काळ्या पट्टीत बोलणं लिहून येत होतं. आईने अर्धा तास बसून सगळ्या बातम्या वाचल्या. तिचा नंबर तीनदा पुकारला गेला. कानाच्या दवाखान्यात नंबर पुकारतात, यावरून त्यांची अक्कल समजा. घरी येताना ती म्हणाली, "आपल्या टीव्हीला हे असणार. तू बघ." घरात दादानंतर यंत्रांना हात लावणारी मीच, त्यामुळे बघणं माझ्याकडे आलं.

टीव्हीत ते होतं. यादीत 'कॅप्शन' असं लिहिलेलंही होतं, पण फिकट. त्यावर जाऊन बटण दाबलं की काही व्हायचं नाही. केबलच्या डब्याच्या यादीत ते ठळक होतं, चालूही करता येत होतं, पण चालू करून पडद्यावर ढिम्म काही दिसायचं नाही. मी केबलवाल्यांना फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीने मला टीव्ही बंद करून चालू करायला लावला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीने तेच करायला लावलं. त्यांचं म्हणणं, दोष टीव्हीचा. टीव्हीच्या दुकानदाराचं म्हणणं, दोष डब्याचा. तीन आठवडे मी या दोघांच्या मधे चेंडूसारखी फिरले. आई रोज पडद्याच्या तळाकडे बघत बसायची. मी तिच्यासाठी खास साडेसात फुटांवरचं स्पष्ट दिसेल असा चष्मा घासून आणला होता. पलंगापासून टीव्हीपर्यंतचं अंतर टेपने मोजून बनवलेला. तो घालून ती रिकामी जागा वाचायची.

शेवटी दादाचा एक जुना मित्र आठवला. त्याला सगळे मेकॅनिक म्हणतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता हात कापतात म्हणून घरी असतो. त्याने फोनवर ऐकून घेतलं आणि हसला.

"डब्यातून टीव्हीला कुठली वायर गेलीय? एकच जाड?"

"हो."

"मग डोकं आपटून घे. त्या वायरीतून चित्र येतं, आवाज येतो, अक्षरं येत नाहीत. तुला जुनी वायर लागेल, पिवळी, सोबतच्या आवाजाच्या लाल-पांढरीसकट. अक्षरं चित्राच्या वरच्या काठाला, दिसत नाही अशा एका रेघेत लपवलेली असतात. पिवळ्या वायरीतून ती रेघ येते. मग टीव्ही ती वाचून खाली लिहितो."

"पिवळ्या वायरीचं भोक टीव्हीला एकच आहे. त्यात व्हिडिओ लावलाय, आईच्या कॅसेटसाठी."

"मग डब्याची वायर व्हिडिओत घाल आणि व्हिडिओची टीव्हीत. मधे व्हिडिओ राहू दे. फक्त त्याला सांगावं लागेल की कॅसेट नको, वायरीतलं दाखव. त्याचं बटण असतं. कुठलं ते मला आता आठवत नाही."

तो रविवार होता. आई खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेली होती आणि मी टीव्हीमागे पोटावर पडून, तोंडात बॅटरी धरून वायरी बदलल्या. मग ते बटण शोधायला लागले. व्हिडिओच्या तोंडावर एक झाकण होतं आणि झाकणामागे बारीक बटणांची रांग होती. त्यांवरची अक्षरं झिजलेली. यंत्राच्या पोटात आईची कॅसेट होतीच. एक बटण दाबलं तर ती चालू झाली, कपाट जिन्यात अडकलं. दुसरं दाबलं, काही नाही. तिसरं दाबलं, एक छोटा तांबडा दिवा लागला. पडद्यावर दादाच होता. म्हटलं हेही ते नव्हे. मी ते यंत्र तसंच चालू ठेवून कपाटावरच्या खोक्यात माहितीपुस्तिका शोधायला गेले. पुस्तिका मिळेपर्यंत कॅसेट संपली होती. पुस्तिकेत बघून मी शेवटचं बटण दाबलं आणि बातम्या आल्या. टीव्हीच्या यादीत गेले. 'कॅप्शन' ठळक झालं होतं. खाली काळी पट्टी आली आणि त्यात अक्षरं धावायला लागली.

आई वर आली आणि दारातच थांबली. मग पलंगावर बसून तिने चष्मा घातला आणि मोठ्याने वाचायला लागली. पूल बंद, पर्यायी रस्ता, कुठल्याशा मंत्र्याची सर्दी. पुढचे आठ दिवस ती मला जेवताना जगाच्या बातम्या सांगायची. कोणाचं काय चुकतंय, कोणी काय करायला हवं होतं. इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदा तिच्याकडे मला सांगण्यासारखं काही होतं. मी स्वतःवर खूश होते. दुकानातही दोन-चार जणांना सांगून झालं.

बातम्यांच्या नादात आठवडाभर बाजूला पडलेली कॅसेट तिने पुढच्या रविवारी चार वाजता लावली. चष्मा घालून बसली. दादा जिन्यावरून आला, गेला, वाकला, ती हसली. कॅसेट संपली. तिने मागे नेऊन परत लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी बाहेर आले.

"ह्याची अक्षरं कुठायत?" तिने विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, 'ती टीव्हीवाले लिहून पाठवतात. आपल्या कॅसेटवर कोण लिहिणार?'

तिने वाचलं. "तू," ती म्हणाली. "तुला ऐकू येतं ना. कागद घेऊन बस. तो बोलेल तसं लिही आणि मला दाखव." आणि मग, मी नाही म्हणू नये म्हणून, "शेवटचं तेवढं लिहिलंस तरी पुरे. बाकीचं मला येतं."

आता उद्या म्हणायला जागा नव्हती. मी कागद घेतला. आई उठून टीव्हीशेजारी गेली आणि त्याच्या कुशीला हात लावून उभी राहिली. कारखान्यात यंत्र चालू आहे का ते अशा हातानेच बघायचे म्हणे. मी रिमोटवर आवाज वाढवला. पडद्यावर आकडे आले, एक, दोन, पाच, बारा.

दादाने तोंड उघडलं आणि एका बाईचा आवाज आला. उत्तरेकडच्या भागात दुपारनंतर आकाश ढगाळ राहील. दादा हात उंचावून कपाटवाल्यांना काहीतरी सांगत होता. उद्या सकाळपासून वाऱ्याचा वेग वाढेल, खिडक्या लावून घ्याव्यात. मला पहिल्यांदा वाटलं, वायरींची गल्लत झाली आहे, बातम्या मधे घुसल्या आहेत. मी डबा बंद केला. बाई बोलतच राहिली. ती डब्यात नव्हती, कॅसेटमधे होती.

"बोलतोय," आई म्हणाली. तिच्या तळव्याला कळत होतं. "बोलतोय, लिही."

दादा वाकला. पुलाचं काम महिनाअखेर पूर्ण होईल, असं ती बाई म्हणाली. आई हसली. माझ्यासमोरची आई माझ्याकडे वळून बघत होती.

"आवाज खराब आलाय," मी तोंड तिच्याकडे करून म्हटलं. "नीट कळत नाही. उद्या बघते."

"बरं," ती म्हणाली.

मोरीत जाऊन, दार लावून मी मेकॅनिकला फोन केला. त्याने तांबड्या दिव्याचं विचारलं. लागला होता, मी म्हटलं.

"ते आवाज भरायचं बटण होतं," तो म्हणाला. "चित्र तसंच ठेवून नुसता आवाज बदलतं. लग्नाच्या कॅसेटवर गाणी टाकायला वापरायचे लोक. डब्यातून ज्या बातम्या येत होत्या त्या त्याच्यावर बसल्या."

"खालचा आवाज निघेल ना?"

"खाली काही नसतं गं. नवीन लिहायच्या आधी ते जुनं पुसून टाकतं." आणि थोड्या वेळाने, "टीव्हीवर तुला ऐकू आलं नाही? बाई बोलायला लागली की लगेच कळतं."

मी फोन ठेवला. कॅमेऱ्यातली मूळ टेप दादाने तेव्हाच परत वापरून टाकली होती. वहिनी आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात आहे. दुसऱ्या दिवशी दुकानातून तिला फोन केला. "मी तर नळ बघत होते," ती म्हणाली. "तुम्हीच होता ना तिथे?" सगळे मलाच विचारत होते, आणि त्यात कोणाचं काही चुकत नव्हतं. मी दिवसभर काचा घासत दादाच्या पाठीकडे बघत राहिले आणि काहीतरी आठवावं म्हणून धडपडत राहिले. दोन काचा वाया घालवल्या. मालक चिडला.

खरं सांगायला हवं होतं. पण आमच्या घरात खरं सांगायचं म्हणजे ते लिहावं लागतं. पुटपुटून, तोंड फिरवून, रडता रडता सांगता येत नाही. पाटीवर स्वच्छ अक्षरात लिहायचं, 'त्याचा आवाज मी पुसला,' आणि ती साडेसात फुटांचा चष्मा काढून जवळचा घालेल, वाचेल, तोवर समोर उभं राहायचं. माझी छाती झाली नाही. मी खोटं लिहिलं.

त्या दिवशी आईने चारला न लावता माझी वाट बघितली आणि मी घरी आल्यावर कॅसेट लावली. मी आवाज शून्यावर नेला आणि कागद हातात धरून बसले. दादा वाकला तेव्हा तो कागद मी टीव्हीच्या खाली, काळी पट्टी येते तिथे धरला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आता परत घर बदललंस तर कपाट तू उचलायचंस.'

आईने वाचलं. पडद्यावर ती तोंड झाकून, चौकट धरून हसत होती. तिने परत कागदाकडे बघितलं.

"ह्याला मी हसले?"

मी मान हलवली.

"चौकट धरून?"

मी परत मान हलवली. तिने हसून बघायचा प्रयत्न केला. तोंड तसं झालं आणि तसंच राहिलं. मग तिने चष्मा काढला आणि यंत्र बंद करायला सांगितलं.

त्यानंतर तीन दिवस कॅसेट लागली नाही. चौथ्या दिवशी मी भांडी पुसत होते तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"तो तुझ्याबद्दल बोलला होता ना?" ती म्हणाली. तिचा आवाज किती मोठा येतो ते तिला कळत नाही, पण त्या दिवशी तो अगदी हळू होता. "म्हणून सांगत नाहीस. तू फुगून बसली होतीस त्या दिवशी, खोलीवरून. चेष्टा केली असेल त्याने. तुला लागलं असेल."

मी नाही म्हणायला वळले. तिने माझ्या हातातला फडका घेतला.

"राग धरू नकोस. गेलेल्या माणसावर राग धरू नये. तुझ्यावर फार जीव होता त्याचा. मला नाही सांगितलंस तरी चालेल." आणि ती भांडी पुसायला लागली.

पाटी हाताशी होती. मी पेन उघडलं. 'आवाज' एवढं लिहिलं आणि पेन सुकलं. दुसरं पेन टेबलाच्या खणात होतं, दोन पावलांवर. मी तिथे गेले नाही.

परवा दुकानाला सुट्टी होती. आई दुपारी तिच्या खोलीत आडवी झाली तेव्हा मी कॅसेट लावली. का ते मला माहीत नाही. आवाज बारावर ठेवला. निदान त्याच्या तोंडातून काहीतरी यावं. कपाट, जिना, वहिनी, सगळं बघितलं आणि शेवटाला टीव्हीजवळ जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी शेवटपर्यंत एकदाही नीट बघितलं नव्हतं. दादा आईच्या कानाशी वाकतो तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यावरून मागे येतो आणि अंगठा माझ्याकडे दाखवतो. कॅमेऱ्याकडे. आई हसते, आणि चित्र हलायच्या आधी डोळे उघडते, आणि हसता हसता सरळ माझ्याकडे बघते. लाडाने बघते. तिला हे कधीचंच दिसत होतं.

मी मागे नेऊन परत बघितलं. पुन्हा बघितलं. तो माझ्याबद्दलच बोलला होता, इतक्या मोठ्याने की अख्ख्या जिन्याने ऐकलं असेल, आणि ते माझ्यासाठी इथे तेरा वर्षं ठेवलेलं होतं. मी एकदाही ऐकलं नाही आणि स्वतःच्या बोटाने पुसलं. मला ते हवं होतं. आईइतकंच हवं होतं, आणि हे मला आत्ता कळलं.

मागे आई उठून आली होती. तिने पडद्यावर दादाला बघितलं, कोपऱ्यातला बाराचा आकडा बघितला, आणि माझं तोंड बघितलं.

"ऐकतेस?" ती म्हणाली. "ऐक, ऐक. मी नाही विचारत."

पुलाचं काम महिनाअखेर पूर्ण होणार होतं. आई पाय न वाजवता खोलीत परत गेली आणि आवाजाने मला त्रास नको म्हणून तिने दार अगदी हळू लावून घेतलं.